सिंह पाळायचं लायसन्स आणि करिअर

तुझं पत्र वाचलं. तुला शिकायला ब्रिटनला जायचंय, पुढे तिथेच स्वतःची जागा घेऊन लायसन्सवर सिंह, बिबटे आणि विषारी साप पाळायचेत, आणि त्यासाठी कुठला कोर्स लागतो असं विचारलंयस. तर असा कोर्स नाहीये, कायदा डिग्री मागतच नाही, पण जे मागतो ते डिग्रीपेक्षा भारी पडतं.

1969 साली लंडनच्या हॅरॉड्स या मोठ्या दुकानातून दोन तरुणांनी सिंहाचा छावा चक्क विकत घेतला होता, तेव्हा ते चालायचं. मग 1976 मध्ये 'डेंजरस वाइल्ड अ‍ॅनिमल्स अ‍ॅक्ट' आला आणि यादीतला प्राणी ठेवायचा तर स्थानिक कौन्सिलचं, म्हणजे तिथल्या नगरपालिकेसारख्या संस्थेचं लायसन्स लागायला लागलं. अर्जदार 18 वर्षांचा हवा आणि "योग्य व्यक्ती" आहे असं कौन्सिलला पटायला हवं. खरी परीक्षा जागेची असते. कौन्सिलने नेमलेला व्हेट, म्हणजे प्राण्यांचा डॉक्टर, येऊन बघतो की प्राणी पळून जाऊ शकणार नाही ना, पिंजऱ्याची साइज, तापमान, उजेड, हवा, ड्रेनेज ठीक आहे ना, त्याला हिंडाफिरायला जागा आहे ना, आग लागली तर त्याला वाचवायचं कसं हे ठरलंय का, रोग पसरू नये म्हणून काय केलंय, आणि या तपासणीचा खर्च तुझ्याकडूनच वसूल होतो. वर इन्शुरन्स कंपल्सरी, म्हणजे प्राण्याने कुणाला इजा केली तर भरपाई देता यायला हवी. लायसन्स जास्तीत जास्त 2 वर्षं चालतं, मग परत सगळं. मालक वारला तर वारसांना फक्त 28 दिवस ते लायसन्स चालू राहतं, हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण आपल्यामागे या प्राण्याचं कोण बघणार हे आणायच्या आधीच ठरवावं लागतं.

यादी पण नीट वाच, अंदाजाने जाऊ नकोस. नाग, घोणस यांना लायसन्स लागतं, अजगर मात्र त्यात नाहीये. आणि वर्षात 7 किंवा त्याहून जास्त दिवस लोकांना बघायला उघडं ठेवलंस तर हा कायदा बाजूला राहतो आणि 1981 चा झू लायसन्सिंगचा कायदा लागतो. भारतात परत येऊन हेच करीन असं मनात असेल तर ते सोड, 1972 चा वन्यजीव कायदा आहे, घरी वाघ-बिबट्या पाळायचं लायसन्स इथे कुणालाही मिळत नाही.

आता माझं मत. मी वर जेवढ्या अटी लिहिल्या त्या प्रत्येकीमागे कुणाची तरी नोकरी आहे, जागा तपासणारा व्हेट, कौन्सिलमधला लायसन्सिंग ऑफिसर, पिंजरे डिझाइन करणारा, रोज खायला घालणारा कीपर. तुला प्राण्यांजवळ राहायचंय ना, मग यातलं एक काम धर, त्यात तुला अनेक प्राणी बघायला मिळतील आणि एकाही प्राण्याला तुझ्या हौसेखातर आयुष्यभर पिंजऱ्यात राहावं लागणार नाही. मला स्वतःला विचारशील तर व्हेट हो. इथे बीव्हीएस्सी ही व्हेटची डिग्री करायला इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं लागतात, आणि ब्रिटनमध्ये प्रॅक्टिस करायची तर रॉयल कॉलेज ऑफ व्हेटरनरी सर्जन्सची परीक्षा देऊन रजिस्टर व्हावं लागतं. रस्ता लांब आहे, खर्चिक आहे, घरी आत्ताच बोलून घे. तेवढं जमणार नसेल तर कीपरचं काम बघ, सुरुवातीला बरंचसं काम साफसफाईचं असतं, त्याची मनाची तयारी ठेव आणि जवळ प्राणीसंग्रहालय किंवा रेस्क्यू सेंटर असेल तर सुट्टीत व्हॉलंटियरिंग करता येतं का ते आधी विचार, कारण तिथे गेल्यावरच कळेल हे रोज करवेल की नाही.

आणि बारावीला बायोलॉजी घेतलंयस की नाही ते तू लिहिलंच नाहीस, व्हेटसाठी ते लागतंच, आणि 'नीट' ही प्रवेशपरीक्षापण द्यावी लागेल, तेव्हा आधी ते कळव.