स्पेनचं फ्लामेंको, क्यूबाचा रुंबा आणि जॅझ एकत्र करणारं कोणाचं संगीत ऐकावं? ते खरंच एकजीव होतं का?

जेरी गोन्झालेस. दुसरं नाव सुचवायच्या आधी मी हेच सांगेन, आणि हो, त्याच्याकडे ते एकजीव होतं.

1949 साली न्यूयॉर्कमध्ये, मूळच्या पोर्तो रिकोच्या कुटुंबात जन्मलेला हा माणूस ट्रम्पेटही वाजवायचा आणि कोंगा, म्हणजे हातांनी वाजवायचे उंच ढोल, तेही. डिझी गिलेस्पी, एडी पाल्मिएरी अशा मोठ्या लोकांबरोबर वाजवून झाल्यावर धाकटा भाऊ अँडी (तो डबल बास वाजवायचा) याला घेऊन त्याने फोर्ट अपाची बँड उभा केला. पियानोवादक थेलोनियस मंकच्या जॅझ रचना क्यूबाच्या तालांवर बसवलेला त्यांचा ‘रुंबा पारा मंक’ हा अल्बम 1989 सालचा. म्हणजे जॅझ आणि रुंबा त्याच्याकडे आधीपासून होते. फ्लामेंको राहिलं होतं.

2000 च्या सुमारास, ‘काये 54’ या लॅटिन जॅझवरच्या माहितीपटाच्या निमित्ताने तो माद्रिदला गेला आणि तिथेच राहिला. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. जॅझचा ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसने 1960 मध्ये ‘स्केचेस ऑफ स्पेन’ केलं ते अप्रतिमच आहे, पण ते न्यूयॉर्कमध्ये, लिहून काढलेल्या वाद्यवृंदाबरोबर. जेरी मात्र माद्रिदच्या फ्लामेंको कलाकारांमध्ये जाऊन बसला. त्यातून 2002 मध्ये ‘लोस पिरातास देल फ्लामेंको’ हा अल्बम आला: गिटारवर निन्यो होसेले, गायला दिएगो एल सिगाला, काहोन या तालवाद्यावर पिरान्या.

आता हे जुळतं कसं? मी तबला शिकलोय, त्यामुळे मला जसं उमगलं तसंच सांगतो. बुलेरिया हा फ्लामेंकोचा बारा मात्रांचा प्रकार. पहिल्यांदा ऐकताना मी एकतालाच्या हिशोबाने सम शोधत होतो आणि ती काही सापडत नव्हती. नंतर कळलं की तिथे मोजायला सुरुवातच बारापासून करतात: बारा, तीन, सहा, आठ, दहा यांवर जोर. म्हणजे 3+3+2+2+2. आणि आपल्याकडे तिहाई समेवर येऊन पडते, तशी त्यांची ओळ बहुतेकदा दहावर बंद होते. त्यानंतरची जागा श्वासासारखी मोकळी राहते.

क्यूबाच्या रुंब्यातला ‘कोलुंबिया’ हा प्रकारही बारा मात्रांत मोजता येतो. त्याच्या क्लावेचे, म्हणजे दोन लाकडी दांड्यांवर वाजणाऱ्या ठेक्याचे, आघात पाचच. त्यांच्यातली अंतरं 2+3+2+2+3. बघा, दोन्हीकडे दोन तिना आणि तीन दोना! फ्लामेंकोत तिना एकमेकींना चिकटून येतात, रुंब्यात त्यांच्यामध्ये दोना शिरतात, एवढाच फरक. हे मी पहिल्यांदा कागदावर मांडलं तेव्हा किती तरी वेळ दोन हातांनी दोन ठेके धरायचा प्रयत्न करत बसलो होतो.

नातं इतिहासातही आहे. स्पेनचं कादिस बंदर आणि क्यूबाचं हवाना यांच्यामध्ये शतकानुशतकं जहाजं ये-जा करत होती. आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या माणसांच्या वंशजांनी हवाना आणि मातान्सासमध्ये रुंबा घडवला, बंदरावरच्या लाकडी खोक्यांवरसुद्धा वाजवला. फ्लामेंकोत तर ‘जाऊन परत आलेली गाणी’ असा गानप्रकारांचा एक वेगळा गटच मानतात. गुआहिरा आणि रुंबा त्यातलेच. फ्लामेंको गिटारवादक पाको दे लुसियाची 1973 ची ‘एंत्रे दोस आग्वास’ ही प्रसिद्ध रचना रुंबाच, सोबत बोंगो आणि बास. काहोन हे खोक्यासारखं वाद्य मात्र क्यूबाचं नव्हे, पेरूचं. पाकोनेच सत्तरच्या दशकाच्या अखेरीस ते फ्लामेंकोत आणलं, आणि आज त्याशिवाय फ्लामेंकोची मैफल डोळ्यांसमोर येत नाही.

पण नुसत्या हिशोबाने संगीत होत नाही. मला जेरीत सगळ्यात जास्त भावतो तो त्याचा संयम. ट्रम्पेट हे मोठ्या आवाजाचं वाद्य, गिटारला सहज झाकून टाकेल. तो ट्रम्पेटच्या तोंडाला म्यूट, म्हणजे आवाज दाबणारं बूच, लावून वाजवतो. मग तो सूर पातळ, किंचित चिरलेला येतो, थेट फ्लामेंको गायकाच्या घशातून आल्यासारखा. गिटारची ओळ पुरी होईपर्यंत थांबतो. कोंगावर असतो तेव्हा काहोनने सोडलेल्या जागा भरतो, त्याच्यावर चढत नाही. चांगला तबलजी गायकाला कशी जागा देतो, ते आठवतं.

1 ऑक्टोबर 2018 ला माद्रिदमधल्या त्याच्या घराला आग लागली आणि त्यात तो गेला. ती बातमी वाचून मी ‘पिरातास’ पुन्हा लावला होता. पूर्ण ऐकवला नाही.

ऐकायला सुरुवात ‘पिरातास’मधल्या ‘मंक्स सोनिकेते’पासून करा. ‘सोनिकेते’ म्हणजे फ्लामेंकोतली ती लयीची झिंग, जी शिकवून येत नाही असं म्हणतात. मग ‘रुंबा पारा मंक’कडे मागे जा. पियानोची ओढ असेल तर कादिसचा चानो दोमिंगेस ऐका, त्याचीही वाट याच दिशेने जाते. आणि बुलेरिया लागली की टाळी एकवर देऊ नका. बारापासून मोजा, दहावर थांबा.