उत्तर आधी, प्रश्न नंतर : विज्ञानकथेतील प्रकाशाहून वेगवान संदेश

प्रश्न : प्रकाशापेक्षा वेगाने पाठवलेला संदेश भूतकाळात पोहोचतो, असे विज्ञानकथांत दाखवतात. तो फार तर लवकर पोहोचेल. निघण्याआधीच कसा पोहोचेल? (एक वाचक, भुसावळ)

साऱ्या विश्वासाठी एकच घड्याळ चालत असते, तर आपले म्हणणे खरे ठरले असते. आइन्स्टाइन यांनी १९०५ साली मांडलेल्या विशिष्ट सापेक्षता सिद्धांताने ते घड्याळच काढून घेतले. एकमेकींपासून दूर असलेल्या दोन घटना एकाच क्षणी घडल्या की नाही, याचे उत्तर पाहणाऱ्याच्या गतीनुसार बदलते. ‘तापी’ आणि ‘गिरणा’ ही दोन याने एकमेकांजवळून जाताना घड्याळे शून्यावर लावतात आणि प्रकाशाच्या ८० टक्के वेगाने परस्परांपासून दूर जात राहतात, असे समजू. या वेगाला प्रत्येक यानाच्या हिशेबाने दुसऱ्याचे घड्याळ ६० टक्के गतीने चालते. तापीने आपल्या १००व्या मिनिटाला तत्क्षणी पोहोचणारा संदेश सोडला, तर तिच्या हिशेबाने त्या वेळी गिरणेवर ६० मिनिटे झालेली असतात. गिरणेने तसेच तत्क्षणी उत्तर धाडले. परंतु गिरणेच्या हिशेबाने त्या वेळी तापीवर जेमतेम ३६ मिनिटे उलटलेली असतात. म्हणजे प्रश्न विचारण्याच्या ६४ मिनिटे आधी उत्तर हाती पडते, आणि त्यात ‘संदेश पाठवू नका’ असे लिहिलेले असेल, तर कार्यकारणभावच कोलमडतो.

एकेरी संदेशात हा पेच उघड होत नाही, जाऊन-येऊनच्या फेरीत होतो. त्यामुळे तो बऱ्याच कथालेखकांच्या नजरेतून निसटतो. संदेश तत्क्षणी न पोहोचता प्रकाशाच्या किंचितच पुढे धावत असला, तरी यानांचा परस्परवेग पुरेसा वाढवला की परिणाम हाच होतो. खुद्द आइन्स्टाइन यांनी १९०७ साली अशा संदेशाकडे लक्ष वेधले होते आणि भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड टॉलमन यांनी १९१७ साली त्याची रीतसर चर्चा केली.

प्रश्न : मग आंतरतारकीय साम्राज्याची कथा लिहायचीच नाही का? जवळच्या ताऱ्याकडूनही उत्तर यायला वर्षे लागतील. (एक कथालेखिका, जळगाव)

जरूर लिहावी, परंतु किंमत मोजून. सापेक्षतेचे तत्त्व (स्थिर वेगाने जाणाऱ्या सर्वांसाठी निसर्गनियम सारखेच), प्रकाशाहून वेगवान संदेश आणि कारणानंतरच कार्य हा क्रम, या तिन्ही गोष्टी एकत्र नांदू शकत नाहीत. आपल्याला पहिलीला मुरड घालता येईल : विश्वात एक विशेष संदर्भचौकट, म्हणजे वेग आणि वेळ मोजण्याचा आधार, आहे आणि वेगवान संदेश केवळ तिच्याच हिशेबाने धावतात, असे मानावे. वैश्विक सूक्ष्मतरंग पार्श्वभूमीची, म्हणजे महास्फोटानंतर उरलेल्या आणि सर्व दिशांनी येणाऱ्या प्रारणाची, चौकट त्यासाठी हाताशी आहे; आपली सूर्यमाला तिच्या सापेक्ष सेकंदाला सुमारे ३७० किलोमीटर वेगाने सरकते आहे. मागच्या उदाहरणातील तापी या चौकटीत स्थिर मानली, तर गिरणेचे उत्तर १००व्या मिनिटालाच येईल, त्याआधी नाही.

बहुतेक लेखक हे गृहीत धरतात आणि तिथेच थांबतात. वास्तविक कथेचा खरा मसाला याच्या पुढे आहे. अशा विश्वात वेगाने जाणाऱ्या यानावरील लोकांना, त्यांच्या घड्याळांप्रमाणे, एका दिशेचे संदेश निघण्याआधीच पोहोचल्यासारखे भासतील आणि विरुद्ध दिशेचे उशिरा. फेरी पूर्ण झाल्यावर मात्र हिशेब जुळेल. खिडकीबाहेर न पाहता आपला निरपेक्ष वेग मोजण्याचे साधनच त्यांच्या हाती येते. त्यावर आधारलेले नौकानयन, युद्धनीती किंवा तोतयेगिरी मला वाचायला आवडेल.

प्रश्न : गुंतलेल्या कणांच्या जोडीतील एक कण मंगळावर ठेवला, तर विलंब टाळता येईल का? (एक विद्यार्थी, धुळे)

नाही. मंगळापर्यंत रेडिओसंदेशाला त्याच्या अंतरानुसार सुमारे ३ ते २२ मिनिटे लागतात आणि तेवढी लागणारच. गुंतलेल्या, म्हणजे कितीही दूर असले तरी ज्यांच्या मापनांत परस्परसंबंध आढळतो अशा, कणांवरील प्रयोगांसाठी आस्पे, क्लाउझर व त्साइलिंगर यांना २०२२ चे नोबेल मिळाले, हे खरे. परंतु प्रत्येक ठिकाणी मिळणारे मापन यदृच्छ असते आणि धुळ्यात आपण काहीही केले तरी मंगळावरील नोंदींचे प्रमाण बदलत नाही. दोन्हीकडच्या नोंदवह्या शेजारी ठेवल्यावरच संबंध दिसतो, आणि वही प्रकाशापुढे धावत नाही.

प्रश्न : माझ्या कथेचा नायक पाटणादेवीच्या रानातून ११४९ सालात जातो आणि आजची छापील ‘लीलावती’ भास्कराचार्यांना देतो, ते तीच उतरवून काढतात. यात विसंगती आहे का? (एक वाचक, चाळीसगाव)

स्थळ उत्तम निवडले आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याचा शिलालेख पाटणादेवीजवळच्या पाटणचाच. ‘लीलावती’ ज्याचा भाग मानली जाते तो सिद्धान्तशिरोमणी हा ग्रंथ ११५० मधील असल्याने सालही जुळते.

तार्किक विसंगती येथे नाही. कुणी भूतकाळात जाऊन आपल्या आजोबांना लहानपणीच मारले तर घटना परस्परविरोधी होतात. आपल्या कथेत सर्व घटना एकमेकींत बसतात, आणि भौतिकशास्त्रज्ञ इगोर नोविकोव्ह यांच्या सुसंगतीच्या तत्त्वाची अट तेवढीच आहे. नायकाने जुनी पोथी न नेता छापील प्रत नेली, हेही चांगले झाले. तीच पोथी फिरत राहिली असती, तर प्रत्येक फेरीत जीर्ण होऊनही पुन्हा कोरी कशी, हे सांगावे लागले असते. कागद वर्तुळात अडकत नाही, मजकूर अडकतो.

परंतु मग ते गणित रचले कोणी? भास्कराचार्यांनी उतरवले, परंपरेने जपले, छापखान्याने छापले, नायकाने परत नेले. विचार कुणीच केला नाही. भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड डॉइच यांनी १९९१ साली असाच आक्षेप घेतला होता की, प्रयत्नावाचून ज्ञान अवतरणे हा आजोबांच्या कोड्याहूनही गंभीर दोष आहे. मलाही तो पटतो, शिवाय एका थोर गणितीला नकलनवीस करणे मनाला रुचत नाही. नायकाच्या प्रतीत एखादे उदाहरण चुकीचे छापलेले असावे आणि आचार्यांनी ते पाहताक्षणी खोडून स्वतःचे लिहावे, असा बदल मी सुचवीन. मात्र मग नायकाच्या प्रतीत ती चूक नंतर कशी शिरली, याची सोय आपल्यालाच करावी लागेल. एखाद्या निष्काळजी मुद्रकाला कामाला लावावे.

प्रश्न : २०११ मध्ये न्यूट्रिनो प्रकाशापुढे गेल्याची बातमी होती. तिचे काय झाले? (एक निवृत्त शिक्षक, अमळनेर)

जिनिव्हाजवळच्या सर्न या कणभौतिकी संस्थेपासून इटलीतील ग्रान सासो प्रयोगशाळेपर्यंतच्या सुमारे ७३० किलोमीटरच्या प्रवासात न्यूट्रिनो हे अतिसूक्ष्म कण प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद लवकर आल्याचे ऑपेरा प्रयोगात दिसले होते. मुख्य दोष प्रकाशतंतूच्या केबलच्या सैल जोडणीत निघाला आणि २०१२ मध्ये तो दावा निकालात निघाला.