उद्दिष्टांचा कागद पाठवलास, त्याबद्दल

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुमच्या मसाल्याच्या कारखान्यासाठी केलेला अन्नसुरक्षा आणि गुणवत्तेच्या उद्दिष्टांचा तुझा मसुदा वाचला. बारा उद्दिष्टं, बाराही क्यूएच्या, म्हणजे तुझ्या गुणवत्ता विभागाच्या नावावर, आणि पहिलंच 'ग्राहकांच्या तक्रारी शून्य'. ऑडिटरकडे हा कागद खपूनही जाईल. तुझ्याकडे खपता कामा नये.

शून्याचं काय होतं ते ऐक. शेठनी तो आकडा भिंतीवर लावला की सेल्सची पोरं दुकानदाराला गुपचूप पाकीट बदलून देतात आणि तक्रार तुझ्या वहीपर्यंत येतच नाही. वही स्वच्छ, माल होता तसाच. म्हणून आधी प्रत्येक तक्रार वहीत कशी येईल ते बघ. पहिल्या तिमाहीत आकडा वाढेल. हे शेठना आजच सांगून ठेव, नाहीतर तेव्हा तुलाच उत्तरं देत बसावं लागेल.

तक्रारींचा आकडाही नुसता लिहू नकोस, दर काढ. समजा जुलैत ४ लाख पाकिटं गेली आणि ८ तक्रारी आल्या. दिवाळीच्या तोंडावर १० लाख गेली आणि १२ आल्या. मीटिंगमध्ये सगळे म्हणतील, तक्रारी वाढल्या. १० लाख पाकिटांमागे बघितलंस तर दर २० वरून १२ वर आलाय. शिवाय तक्रार ज्या महिन्यात आली त्या महिन्यात न टाकता ज्या महिन्यात ती बॅच भरली त्या महिन्यात टाक. ऑगस्टच्या ओल्या हवेत भरलेल्या पाकिटातल्या गुठळ्या लोकांना ऑक्टोबरात दिसतात, आणि आपण ऑक्टोबरच्या शिफ्टवर ओरडतो. मात्र धातूचा कण, काच, किडा यांना दरात बुडवू नकोस. ती प्रत्येक घटना वेगळी हाताळायची.

'अफ्लाटॉक्सिन (बुरशीचं विष) कायद्याच्या मर्यादेत ठेवणे' हेही खोड. मसाल्यांसाठी एफएसएसएआयची, म्हणजे आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची मर्यादा किलोला एकूण ३० मायक्रोग्रॅम. ती पाळायचीच असते, त्यात ठरवायचं काय? युरोपला मिरची पाठवायची तर एकूण १० आणि त्यातला सगळ्यात घातक प्रकार बी१ फक्त ५, पण तीही अटच. तुझं उद्दिष्ट याच्या बरंच आधीच्या टप्प्यावर हवं. मिरचीचा हंगाम उन्हाळ्याबरोबर संपतो. पावसाळ्यात तुमच्याकडे येते ती कोल्ड स्टोरेजमधली. तिथून निघालेलं थंडगार पोतं तुर्भ्याच्या जुलैतल्या हवेत उघडं ठेवलं की त्याला घाम सुटतो. ओल आली की बुरशी, आणि काही बुरशींतूनच हे विष तयार होतं. तेव्हा असं लिही: जून ते सप्टेंबरमध्ये येणाऱ्या मिरचीच्या लॉटपैकी ओलाव्याच्या आपल्या मर्यादेबाहेर किती टक्के जातात, ते गेल्या पावसाळ्याच्या तुलनेत निम्म्यावर आणायचं. याची जबाबदारी पर्चेसची. वाशीच्या मसाला मार्केटमध्ये भाव तेच ठरवतात, तर पोतं कुठून आणि कसं निघालं हेही त्यांनीच विचारायला हवं. आणि तुलना नेहमी जुलैची जुलैशी कर. मार्चशी केलीस तर पावसाळाभर सगळे गुन्हेगार दिसतील.

मेटल डिटेक्टरची तपासणी १०० टक्के वेळेवर, हे तर उद्दिष्टच नव्हे. तो सीसीपी आहे, म्हणजे जिथे चूक चालतच नाही असा नियंत्रणबिंदू. टेस्ट पीस, म्हणजे चाचणीचा धातूचा तुकडा, डिटेक्टरने पकडला नाही की मशीन थांबवायचं आणि मागच्या बरोबर तपासणीपासूनचा सगळा माल होल्डवर. तिथे तिमाहीची वाट कोण बघणार? पण पल्व्हरायझरच्या (दळायच्या मशीनच्या) पुढच्या मॅग्नेटवर दर शिफ्टला जे लोखंड जमतं ते तुम्ही पुसून फेकता ना? ते वजन कर. टनामागे किती ग्रॅम निघतात ते लिहीत गेलीस की त्यातले कुटणारे बीटर झिजायला लागल्याचं डिटेक्टर ओरडायच्या कितीतरी आधी कळेल. हे उद्दिष्ट मेंटेनन्सच्या नावावर टाक. ते कुरकुर करतील, करू देत.

पाकिटातलं जादा वजन कमी करण्याचं तुझं उद्दिष्ट मला आवडलं, कारण त्यात शेठना लगेच पैसे दिसतात. फक्त ते एकटं सोडू नकोस. जादा भरणं कमी कर म्हटलं की ऑपरेटर काटा खाली ओढतो आणि कमी वजनाची पाकिटं बाहेर पडतात. मग वैधमापनवाले, म्हणजे सरकारी वजनमाप खातं, दारात. दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेव. हा गुणवत्तेचा भाग, सुरक्षेचा नव्हे, तेव्हा तक्ता वेगळा. एका तक्त्यात घातलेस तर बैठकीचा सगळा वेळ वजनावर जातो. पैशाचा विषय निघाला की असंच होतं.

आयएसओ २२०००:२०१८ या अन्नसुरक्षेच्या मानकाचं कलम ६.२ पुन्हा एकदा सावकाश वाच. काय करणार, त्याला साधनं कोणती, जबाबदारी कोणाची, कधीपर्यंत, निकाल कसा तपासणार. एवढंच विचारलंय त्यांनी, पण तुझ्या बारांपैकी नऊंमध्ये 'साधनं' हा रकाना कोरा आहे. बीआरसीजीएस हे दुसरं अन्नसुरक्षेचं प्रमाणपत्र घ्यायचं शेठच्या मनात असेल तर तिथे निकाल किमान दर तिमाहीला वरच्या लोकांना आणि सगळ्या कामगारांनाही सांगावे लागतात. इंग्रजी आलेख नोटीस बोर्डावर टोचणं म्हणजे सांगणं नव्हे. मराठी आणि हिंदीत, चेंजिंग रूमच्या दाराशी, तीन आकडे पुरेत. कंत्राटी मुलं दर काही महिन्यांनी बदलतात, तेव्हा शिफ्ट सुरू होताना सुपरवायझरने तोंडी सांगितलेलंच टिकतं.

आणि हे सगळं ज्या नोंदींवर उभं राहणार त्या एकदा उलटून बघ. रात्रपाळीची मेटल डिटेक्टरची शीट काढ. ११ वाजता, १२ वाजता, १ वाजता, बरोबर ठोक्यावर, एकाच पेनाने, एकाच दमात? चहाची सुट्टी असतानाही? मग तो आकडा वापरू नकोस. कोणाला झापूही नकोस, एका रात्री स्वतः जाऊन उभी राहा आणि बघ, तपासणीला त्यांच्याकडे वेळ तरी उरतो का. डिस्पॅचचं टार्गेट तेच लोक ओढत असतात.

बारांची चार कर. मागच्या वर्षाचा डेटा नसेल तिथे पहिले तीन महिने फक्त मोज, लक्ष्य नंतर लिही. रविवारी मी ठाण्यात घरीच आहे, ये. येताना वर्षभराचे लॅब रिपोर्ट आण, पण तारखेप्रमाणे नको, पुरवठादाराप्रमाणे लावून आण.