घाटात ब्रेक मऊ का पडतो?

प्रश्न : महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरताना माझ्या गाडीचा ब्रेक मऊ पडला व जळका वास आला, गाडी थांबवल्यावर अर्ध्या तासाने तो पूर्ववत झाला. दोष कशात असावा?

उत्तर : आपण थांबलात, हे फार बरे केलेत. ब्रेक सतत दाबून ठेवल्याने पॅड आणि डिस्क तापतात, आणि ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषत असल्याने जुने ऑइल कमी तापमानालाच उकळून त्यात वाफेचे बुडबुडे होतात. पायाचा जोर ते बुडबुडे दाबण्यातच खर्ची पडतो आणि चाकांपर्यंत पुरेसा पोहोचत नाही. ऑइल साधारणपणे दर 2 वर्षांनी बदलावे; आपण मात्र ते लगेच बदलून पॅडही तपासून घ्यावेत. ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरावे, हा जुन्या चालकांचा नेम आजही खरा आहे. न्यूट्रलमध्ये गाडी कधीही सोडू नये.