वाचकांचे प्रश्न : ट्रॉम्बेच्या अणुसंशोधनाविषयी

गेल्या काही आठवड्यांत मुंबईत ट्रॉम्बे येथे असलेल्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील संशोधनाविषयी अनेक पत्रे आली. त्यांतील पाच प्रश्न येथे संक्षेपाने देऊन त्यांची उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : ट्रॉम्बे येथे इतक्या अणुभट्ट्या उभारल्या गेल्या, पण त्यांपासून वीज मिळत नाही असे वाचले. मग त्यांचा उपयोग काय? — एक प्राध्यापिका, सांगली

उत्तर : आपण वाचले ते बरोबर आहे. वीज निर्माण करणाऱ्या अणुभट्ट्या तारापूर, रावतभाटा, कैगा इत्यादी ठिकाणी आहेत. ट्रॉम्बेच्या भट्ट्या संशोधनासाठी आहेत आणि तेथे संशोधकांना उष्णता नको असते, न्यूट्रॉन हवे असतात. ‘ध्रुव’ या १०० मेगावॅट क्षमतेच्या भट्टीतील उष्णता अखेर समुद्राच्या पाण्याकडे सोपवली जाते. मात्र तिच्या गाभ्यात, म्हणजे इंधन असलेल्या मधल्या भागात, एका चौरस सेंटीमीटरमधून दर सेकंदाला जास्तीत जास्त १८० लाख कोटी न्यूट्रॉन जातात, आणि तेच तिचे खरे उत्पादन आहे.

४ ऑगस्ट १९५६ रोजी कार्यान्वित झालेली ‘अप्सरा’ अवघ्या एक मेगावॅटची होती. पाण्याच्या हौदात गाभा टांगलेली ही भट्टी भारतीय अभियंत्यांनी उभारली, इंधन मात्र ब्रिटनकडून घ्यावे लागले. त्यानंतर १९६० मध्ये कॅनडाच्या साहाय्याने ४० मेगावॅटची ‘सायरस’ आली आणि ऑगस्ट १९८५ मध्ये संपूर्णपणे भारतीय आराखड्याची ‘ध्रुव’. ‘ध्रुव’च्या आराखड्यात व उभारणीत पुढे अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष झालेले डॉ. अनिल काकोडकर यांचा मोठा वाटा होता.

न्यूट्रॉनचे महत्त्व पदार्थविज्ञानाच्या दृष्टीने असे की, वेग मंदावलेल्या न्यूट्रॉनची तरंगलांबी स्फटिकातील अणूंमधल्या अंतराइतकीच असते. त्यामुळे पदार्थावर आदळून ते कोणत्या दिशेने आणि किती ऊर्जा गमावून किंवा मिळवून विखुरतात हे मोजले, तर अणू कोठे आहेत आणि ते कसे थरथरतात या दोन्ही गोष्टी कळतात. क्ष-किरणांना हायड्रोजनसारखा हलका अणू जेमतेम दिसतो, न्यूट्रॉनला तो स्पष्ट दिसतो. शिवाय न्यूट्रॉन स्वतःच सूक्ष्म चुंबक असल्याने चुंबकीय पदार्थांची अंतर्गत मांडणीही त्यातून उलगडते. डॉ. पी. के. अय्यंगार यांनी कॅनडातील चॉक रिव्हर येथे बर्ट्रम ब्रॉकहाउस यांच्यासह या तंत्रावर काम केले होते. ब्रॉकहाउस यांना १९९४ मध्ये याच कार्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. अय्यंगार यांनी ट्रॉम्बेत परतल्यावर न्यूट्रॉनचे विखुरणे मोजणारी उपकरणे तेथेच बनवून घेतली आणि संशोधकांचा एक गट घडवला. डॉ. राजा रामण्णा यांचा गट याच सुमारास ‘अप्सरा’वर युरेनियमच्या विखंडनाचा, म्हणजे त्याचे अणुकेंद्रक फुटण्याच्या क्रियेचा, अभ्यास करीत होता, तर डॉ. आर. चिदंबरम यांनी न्यूट्रॉनच्या साहाय्याने स्फटिकांतील हायड्रोजन बंधांचा (हायड्रोजन अणूमार्फत जुळणाऱ्या दुव्यांचा) शोध घेतला. ज्यांची नावे पुढे पोखरणच्या अणुचाचण्यांशी जोडली गेली, त्यांच्या मूळ कामाचा हा भाग सर्वसाधारण वाचकाला फारसा ठाऊक नसतो, हे खटकते.

आपण प्राध्यापिका आहात म्हणून एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते : विद्यापीठ अनुदान आयोग आणि अणुऊर्जा विभाग यांच्या संयुक्त संशोधन संस्थेमार्फत विद्यापीठांतील संशोधकांनाही ‘ध्रुव’वर प्रयोग करता येतात.

प्रश्न : लासलगावला कांद्यावर किरणांचा मारा करतात. असा कांदा किरणोत्सारी होत नाही का? आणि तो टिकतो, तर सगळ्यांनीच तो मार्ग का धरला नाही? — एक कांदा उत्पादक, निफाड

उत्तर : पहिल्या प्रश्नाचे उत्तर निःसंदिग्धपणे ‘नाही’ असे आहे. लासलगावच्या ‘कृषक’ केंद्रात कोबाल्ट-६० पासून निघणारे गॅमा किरण वापरतात. त्यांची ऊर्जा सुमारे १.१७ आणि १.३३ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट इतकी असते आणि ती कांद्यातील अणूंची केंद्रके किरणोत्सारी करण्यास अपुरी पडते. छातीचा एक्स-रे काढून घरी आलेल्या माणसाच्या अंगातून जसे एक्स-रे निघत नाहीत, तसेच हे आहे. कोबाल्ट बंदिस्त नळ्यांमध्ये असतो आणि कांद्याचा त्याला स्पर्शही होत नाही. किरणांची मात्रा शंभर ग्रेपेक्षाही कमी असते (ग्रे हे पदार्थाने शोषलेल्या किरणमात्रेचे एकक आहे). तेवढ्याने कांद्याच्या पोटातील कोंबाच्या वाढणाऱ्या पेशींचे विभाजन थांबते आणि कोंब फुटत नाही.

आपला दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. किरणप्रक्रिया कोंब थांबवते, सड थांबवत नाही. काढणीच्या वेळी जखम झालेला, नीट न सुकवलेला किंवा बुरशी लागलेला कांदा किरणांनी वाचत नाही. शिवाय ही प्रक्रिया कांदा सुप्तावस्थेत असतानाच, म्हणजे काढणीनंतर लवकर करावी लागते. चाळीत तीन-चार महिने ठेवून भाव पाहून निर्णय घेऊ, या आपल्याकडील व्यवहाराशी ते जुळत नाही. केंद्रापर्यंतची वाहतूक, पुन्हा भरणी-उतरणी, घट टाळायची तर शीतगृहाची जोड, हा सारा खर्च भावाची खात्री नसलेल्या पिकावर कोण करणार? विज्ञान येथे सिद्ध आहे, पण प्रयोगशाळेने बाजाराचे गणित पुरेसे मांडले नाही, असे मला वाटते. आंब्याच्या बाबतीत ते गणित जमले. कोयीतील भुंग्याचा आणि फळमाशीचा प्रश्न ४०० ग्रेच्या मात्रेने सुटल्यामुळे २००७ मध्ये अमेरिकेची बाजारपेठ भारतीय आंब्याला पुन्हा खुली झाली आणि त्या पहिल्या पेट्यांवरची प्रक्रिया लासलगावलाच झाली होती.

प्रश्न : भुईमुगाचे ‘टॅग-२४’ हे वाण अणुकेंद्रातून आले हे खरे काय? — एक विद्यार्थी, अकोला

उत्तर : खरे आहे आणि त्यात आपल्या गावाचाही वाटा आहे. ‘टॅग’ (TAG) या नावातील पहिली दोन इंग्रजी अक्षरे ट्रॉम्बे आणि अकोला यांची असून, अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाबरोबर विकसित झालेले हे वाण १९९१ मध्ये प्रसारित झाले. उडदाचे ‘टीएयू-१’ हे वाणही याच जोडीने त्याआधी, १९८५ मध्ये दिले होते.

या कामाचा आरंभ ‘स्पॅनिश इम्प्रूव्ह्ड’ या उपट्या भुईमुगाच्या बियाण्यावर क्ष-किरण सोडण्यापासून झाला. किरणांमुळे बियांच्या गुणसूत्रांत यदृच्छेने बदल होतात. त्यांतील बहुतेक निरुपयोगी किंवा घातक असतात आणि पहिल्या पिढीत ते पुष्कळदा दिसतही नाहीत. दुसऱ्या पिढीपासून हजारो झाडे एकेक करून पाहायची, एखाद्याचा दाणा मोठा, एखाद्याची उंची कमी, एखादे लवकर पक्व होणारे, असे निवडून ठेवायचे, त्यांचे आपापसांत संकर करायचे आणि पुन्हा निवडायचे, अशी ही वर्षानुवर्षे चालणारी प्रक्रिया आहे. ‘टॅग-२४’ ठेंगणे आणि लवकर तयार होणारे आहे आणि झाडाच्या एकूण वजनात पाल्यापेक्षा शेंगांचा वाटा वाढवणारे आहे, म्हणून ते उन्हाळी भुईमुगात इतके रुजले. आपण पेरता त्या दाण्यात किरणोत्साराचा अंशही नसतो. केंद्राने आजवर भुईमूग, तूर, मूग, उडीद, मोहरी, भात इत्यादींची साठाहून अधिक वाणे दिली आहेत. माझ्या मते सामान्य माणसाच्या ताटापर्यंत पोहोचलेले ट्रॉम्बेचे सर्वांत मोठे संशोधन हेच आहे.

प्रश्न : ‘सायरस’चा उपयोग बॉम्बसाठी झाला. मग शांततामय संशोधनाचे गोडवे कशाला? — एक वाचक, पणजी

उत्तर : मे १९७४ च्या पोखरण चाचणीतील प्लुटोनियम ‘सायरस’मध्ये तयार झाले होते, ही गोष्ट लपवण्याचे कारण नाही. ती भट्टी शांततामय कार्यासाठी दिली होती, असे म्हणून कॅनडाने अणुसहकार्य थांबवले. त्याची किंमत देशाच्या वीज कार्यक्रमाने पुढे दीर्घकाळ मोजली. त्याच भट्टीत वैद्यकीय समस्थानिके (उपचार व तपासणीसाठी लागणारे किरणोत्सारी पदार्थ) बनत होती आणि पदार्थविज्ञानाचे प्रयोगही चालत होते, हेही तितकेच खरे. न्यूट्रॉन एकच असतो, त्याचा उपयोग कशासाठी करायचा हे सरकार ठरवते. गोपनीयतेमुळे या केंद्राच्या कामाचा एक भाग बाहेरच्या तज्ज्ञांना तपासता येत नाही, ही अडचण मला मान्य आहे.

प्रश्न : अणुकचऱ्यावर केंद्रात काही उपयुक्त संशोधन झाले आहे का? — एक निवृत्त अभियंता, डोंबिवली

उत्तर : झाले आहे आणि त्याची चर्चा फार कमी होते. वापरलेल्या इंधनातून प्लुटोनियम वेगळे करणारे संयंत्र ट्रॉम्बेत १९६४ मध्ये सुरू झाले. त्यातून उरणारा तीव्र किरणोत्सारी द्रव बोरोसिलिकेट काचेत मिसळून घट्ट करायचा, ही मान्य पद्धत आहे. ट्रॉम्बेच्या संशोधकांनी त्याआधीची एक पायरी विचारात घेतली. या द्रवात सिझियम-१३७ हा किरणोत्सारी पदार्थ असतो, ज्याचा अर्धायुष्यकाल, म्हणजे त्यातील किरणोत्सार निम्मा होण्यास लागणारा काळ, सुमारे ३० वर्षांचा आहे. ते निराळे काढले, तर उरलेल्या कचऱ्याची उष्णता आणि उपद्रव कमी होतो आणि हाती आलेल्या सिझियमचा उपयोगही करता येतो. हा उपयोग मुख्यतः रक्तपेढ्यांत होतो. प्रतिकारशक्ती क्षीण झालेल्या रुग्णाला रक्त देताना दात्याच्या लसिका पेशी (पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार) रुग्णाच्याच शरीरावर उलटू नयेत, म्हणून त्या रक्तावर आधी किरणप्रक्रिया करतात.

सिझियम क्लोराइडची भुकटी वापरण्याचा मार्ग सोपा होता, परंतु ती पाण्यात विरघळते आणि सहज पसरते. ब्राझीलमधील गोयानिया शहरात १९८७ मध्ये टाकून दिलेल्या वैद्यकीय यंत्रातील अशाच भुकटीमुळे चार जणांचा बळी गेला होता. ट्रॉम्बेत सिझियम काचेत बद्ध करून त्याच्या पेन्सिली बनवल्या गेल्या, त्यामुळे आवरण फुटले तरी ते विरघळून पसरण्याचा धोका पुष्कळ कमी होतो. याच कचऱ्यातील स्ट्रॉन्शियम-९० पासून कर्करोगाच्या उपचारांसाठी इट्रियम-९० मिळवण्याचे कामही केंद्रात झाले आहे.