मॅचची पिस्तूल घरात ठेवावी का?

प्रश्न: नमस्कार दादा, आम्ही डॅलसजवळ प्लेनोला राहतो, गेल्या वर्षी ग्रीन कार्ड आलं. ऑफिसमधला एक मित्र यूएसपीएसएच्या (पिस्तुलाच्या नेमबाजी स्पर्धा घेणारी इथली संघटना) मॅचला घेऊन गेला आणि मला वेडच लागलं. त्याची सीझेड शॅडो २ पिस्तूल चालवून बघितली, काय तो ट्रिगर! तीच घ्यायचं ठरवलंय. बायकोचं म्हणणं, एवढे पैसे घालतोयस तर रात्री घरात पण तीच ठेव, दुसरी कशाला. मित्र म्हणतो स्प्रिंग बदलून घे, ट्रिगर अजून हलका होतो. घरात ७ वर्षांची मुलगी आहे, आई वर्षातले काही महिने इथे असते. एकच पिस्तूल दोन्हीकडे चालेल का?

उत्तर: चालेल असं म्हणणारे रेंजवर तुम्हाला १० जण भेटतील, आणि अगदीच चूक नाहीत ते. शॅडो २ रिकामी असतानाच सव्वा किलोच्या वर भरते, त्यामुळे धक्का कमी लागतो, दुसरी गोळी पटकन जागेवर जाते, आणि दर आठवड्याला जी हातात असते तीच रात्री हातात असावी हा मुद्दा मलाही पटतो. पण तुमच्या मित्राने जे सांगितलंय ना, स्प्रिंग बदल, तिथेच घोळ सुरू होतो.

ट्रिगर हलका करायला हॅमरची स्प्रिंग मऊ टाकतात, म्हणजे हॅमर (मागचा हातोडा) प्रायमरवर, म्हणजे काडतुसाच्या बुडाशी पेट घेणाऱ्या टिकलीवर, कमी जोराने आपटतो. म्हणून तर मॅचवाली मंडळी फेडरलचे प्रायमर शोधत फिरतात, ते मऊ असतात, हलक्या ठोक्याला पण पेटतात. आता घरासाठी तुम्ही दुकानातून हॉलो पॉइंटचा (टोक पोकळ असलेली, लागल्यावर फुलणारी गोळी) डबा आणणार, त्यातला प्रायमर कडक निघाला तर ट्रिगर ओढल्यावर नुसतं खट्ट वाजणार. मॅचला असं झालं तर स्लाइड (वरचा सरकता भाग) ओढायची, पुढची गोळी घ्यायची, दोन सेकंद गेले, मित्र हसतात, संपलं. रात्री पॅसेजमध्ये ते दोन सेकंद कुठून आणायचे?

रिकॉइल स्प्रिंगचंही (मागे गेलेली स्लाइड पुढे आणणारी) तसंच. मॅचला ९ एमएमला मायनर, म्हणजे कमी ताकदीच्या गटात धरतात, पॉवर फॅक्टर (गोळीचं वजन गुणिले वेग भागिले १०००) १२५ आला की झालं, म्हणजे १४७ ग्रेनची गोळी सेकंदाला ९०० फुटांनी गेली तरी १३२ होतात आणि तुम्ही पास. सगळे त्याच हलक्या लोडला (काडतुसाला) जुळवून मऊ स्प्रिंग टाकतात. १२४ ग्रेनचा प्लस पी (जास्त दाबाचा) लोड १२०० फुटांच्या आसपास जातो, त्याचा हिशोब दीडशेच्या जवळ येतो. मऊ स्प्रिंगवर तो चालवला की स्लाइड जोरात मागे आपटते, आणि नेमकी कुठल्या गोळीला अडकेल ते सांगता येत नाही.

आता खुद्द शॅडो २ बद्दल, कारण हे दुकानदार सहसा सांगत नाही. तिच्यात फायरिंग पिन ब्लॉक (ट्रिगर ओढल्याशिवाय पिन प्रायमरवर जाऊ न देणारा अडसर) नाहीये, ट्रिगर चांगला लागावा म्हणून तो काढलाय. डीकॉकर (चढलेला हॅमर सुरक्षित खाली सोडणारी कळ) पण नाही. मॅचला चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाची गोळीची जागा) गोळी घेऊन हॅमर अंगठ्याने धरून हळूच खाली सोडतात, पण तिथे समोर मातीचा बांध असतो, शेजारी रेंज ऑफिसर उभा असतो. बेडरूममध्ये हे करायचं? भरलेल्या गोळीवर, अंगठा घसरला तर? मी तरी नाही करणार. हॅमर चढवून सेफ्टी लावून ठेवता येते, पण मग पहिल्याच ओढीला तो छोटा हलका ट्रिगर, आणि हात थरथरत असताना हलका ट्रिगर हा गुण राहत नाही. शिवाय उद्या खरंच गोळी चालली आणि प्रकरण कोर्टात गेलं तर समोरचा वकील बदललेल्या ट्रिगरवरून तुम्हाला सोडणार नाही.

आणि कोणी कॉम्पेन्सेटर (नळीच्या तोंडाशी बसवलेला, धक्का कमी करणारा भाग) लावलेली ओपन गन, म्हणजे मॅचसाठी भरपूर बदल केलेली पिस्तूल, घरात ठेवायला सांगत असेल तर हात जोडा. साधी ९ एमएम पण कानाशी १६० डेसिबलच्या घरात वाजते, १४० ला कान कायमचा बिघडू शकतो. कॉम्पेन्सेटर तो जाळ आणि आवाज वर आणि बाजूला फेकतो, आणि बंद खोलीत कानात मफ नसणार तुमच्या.

मॅचला स्टेज (एकेक फेरी) सुरू होण्याआधी तुम्ही ती चालून बघता, कुठे टार्गेट आहे, कुठे पांढरं नो-शूट (ज्याला गोळी लागता कामा नये) आहे सगळं पाठ झालेलं असतं. घरात रात्री २ वाजता किचनमध्ये जो आवाज झाला तो आई पाणी प्यायला उठली म्हणूनही असू शकतो, जेट लॅग असेल तर नक्कीच तीच असणार. म्हणून ट्रिगरच्या आधी लाइट. पिस्तुलाखालच्या रेलला एक चांगला लाइट, आणि वेगळा हातातला टॉर्च पण, कारण प्रत्येक आवाजाकडे पिस्तूल रोखून बघायचं नसतं. इथल्या आतल्या भिंती म्हणजे अर्ध्या इंचाचे जिप्समचे पत्रे, गोळी त्यातून आरपार जाते, मुलीची खोली कुठल्या बाजूला आहे ते आजच दिवसा बघून ठेवा. घरात हॉलो पॉइंटच भरा, रेंजवरची बॉल राउंड (साधी भरीव टोकाची गोळी) नको, ती जास्त खोल जाते. एफबीआयच्या जिलेटिनच्या ठोकळ्यावरच्या टेस्टमध्ये १२ ते १८ इंच जाणारा लोड चांगला धरतात, तसा बघून घ्या. भिंतीतून मात्र तोही जातोच.

मग घ्यायचं काय? मी तुमच्या जागी असतो तर आधी ग्लॉक ३४ किंवा १७ घेतली असती, रेड डॉट (लाल ठिपका दाखवून नेम धरायला मदत करणारी साइट) बसेल अशी. ३४ ही १९९८ सालची, मॅचसाठीच काढलेली लांब नळीची, पण आतलं सगळं १७ सारखंच, फायरिंग पिन सेफ्टी जागेवर, कंपनीच्या स्प्रिंगवर दुकानातला कुठलाही लोड खाते. ट्रिगर शॅडोसमोर भंगार वाटेल, वाटू दे. डॉट लावून तीच घेऊन कॅरी ऑप्टिक्समध्ये (डॉट लावलेल्या पिस्तुलांचा गट) खेळा, एक-दोन सीझन आरामात निघतील. शॅडो नंतर घ्या, फक्त मॅचसाठी, मग हव्या त्या स्प्रिंगा टाका. शॅडोच ठेवायची असेल घरात तर कंपनीच्या स्प्रिंगवर ठेवा, चेंबर रिकामं, आणि ज्या हॉलो पॉइंटवर भरवसा ठेवणार तो लोड आधी रेंजवर भरपूर चालवून बघा.

वाचलेल्या पैशातून पलंगाशेजारी बोल्ट करून बसवलेली, बटणाच्या कोडची छोटी सेफ घ्या. टेक्सासमध्ये निष्काळजीपणे ठेवलेली भरलेली बंदूक १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाताला लागली तर तो गुन्हा आहे, आणि ७ वर्षांची मुलं कपाटं उघडण्यात तरबेज असतात. (आणि दाराच्या लॉकच्या पट्टीचे स्क्रू ३ इंची टाका, १० डॉलरचं काम आहे, पिस्तुलाच्या आधी करा.)

प्रश्न: मी न्यू जर्सीत एच-१बी वर आहे, बायको सिटिझन. तिच्या नावावर पिस्तूल घेऊन मी पण मॅच खेळू शकतो ना?

उत्तर: नाही, थांबा. हा फेडरल कायदा आहे, एच-१बी, एच-४, एफ-१ असे नॉन-इमिग्रंट व्हिसावाले बंदूकही बाळगू शकत नाहीत आणि गोळ्याही नाहीत, आणि रेंजवर भाड्याने घेतलेली पण त्यातच आली. हंटिंग लायसन्सचा एक अपवाद आहे, बरेच जण तो वापरतात, पण न्यू जर्सीचे स्वतःचे परमिट वेगळे, ते सगळं वकिलाला दाखवल्याशिवाय पाऊल टाकू नका, चूक झाली तर व्हिसापर्यंत जातं. बायको तिच्या नावावर घेऊ शकते, पण सेफचा कोड फक्त तिच्याकडे हवा, तुम्हाला माहीत असेल तर ती तुमच्या ताब्यात आहे असं कोणी म्हणू शकतं. तिला खेळायचं असेल तर मॅगझिन १० गोळ्यांचंच, तिथे २०१८ पासून तीच मर्यादा आहे, टेक्सासवाल्यांचे व्हिडिओ बघून मोठी मॅगझिन मागवू नका.