बार्बरा जॉर्डन दोनदा पडल्या, मग टेक्सासच्या सिनेटमध्ये पोहोचल्या कशा?

तुमचे दोन प्रश्न आहेत: १९६२ आणि १९६४ मध्ये हरलेल्या ह्यूस्टनच्या कृष्णवर्णीय नेत्या जॉर्डन १९६६ मध्ये कशा जिंकल्या, आणि टेक्सास सिनेट या राज्य विधिमंडळाच्या ३१ जणांच्या वरच्या सभागृहात एकट्या कृष्णवर्णीय असूनही त्यांनी काय साधलं. पहिल्याचं उत्तर बहुतेक जण ‘वक्तृत्व’ असं देतात. पण तो भारदस्त आवाज १९६२ मध्येही होताच. १९६६ पर्यंत बदलला तो मतदारसंघ.

पहिल्या दोन्ही निवडणुका राज्याच्या प्रतिनिधिगृहाच्या, म्हणजे खालच्या सभागृहाच्या होत्या. तेव्हा ह्यूस्टन ज्या हॅरिस काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) येतं, तिथल्या प्रत्येक जागेसाठी अख्खी काउंटी मत देई. १९६० च्या जनगणनेत तिची लोकसंख्या १२ लाखांवर होती. जॉर्डन ह्यूस्टनमधल्या ज्या फिफ्थ वॉर्ड या कृष्णवर्णीय वस्तीत वाढल्या, तिथली गठ्ठा मतं एवढ्या मोठ्या आकड्यात विरून जात. शिवाय मतदानासाठी कर भरावा लागे. राज्याचा दीड डॉलर आणि बहुतेक ठिकाणी वर काउंटीचे २५ सेंट, तेही जानेवारीअखेर, म्हणजे निवडणुकीचं वारंही सुटलेलं नसताना. ज्याला हे पैसे जड जात, तो आपोआप गळे.

सिनेटची गोष्ट आणखी विचित्र होती. एका काउंटीला एकापेक्षा जास्त सिनेटर नाही, असं टेक्सासच्या घटनेतच लिहिलं होतं. १९६४ मध्ये ‘रेनॉल्ड्स विरुद्ध सिम्स’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने विधिमंडळाची दोन्ही सभागृहं लोकसंख्येच्या प्रमाणात हवीत असं ठरवलं आणि हे कलम टिकलं नाही. नव्या आखणीत हॅरिस काउंटीच्या जागा वाढल्या. त्यातल्या ११ व्या मतदारसंघात जॉर्डन यांचा मूळ मतदार एकवटलेला होता. १९६६ मध्येच न्यायालयांनी राज्याच्या निवडणुकांमधला मतदानकरही रद्द केला. मे महिन्यात डेमोक्रॅटिक पक्षांतर्गत निवडणूक त्यांनी जिंकली आणि त्या पक्षाचं वर्चस्व असलेल्या त्या काळच्या टेक्सासमध्ये खरा निकाल तिथेच लागे. १८८३ नंतर त्या सिनेटमध्ये आलेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय सदस्य.

आता दुसरा प्रश्न. तिथल्या नियमाप्रमाणे विधेयक सहसा दोन-तृतीयांश सदस्यांच्या संमतीशिवाय चर्चेलाच येत नसे. म्हणजे ३१ पैकी २१ हवेत, आणि ११ जण अडून बसले की विधेयक तिथेच थांबलं. जॉर्डन यांनी हे गणित पक्कं केलं. मतदार नोंदणी अवघड करणारं विधेयक आलं तेव्हा सभागृहात गर्जना करण्याआधी त्यांनी एकेका सदस्याला गाठून दहा जणांचा शब्द मिळवला. अकराव्या त्या स्वतः. माझ्या मते त्यांची खरी ताकद ही होती, आणि तिच्याबद्दल फार कमी लिहिलं जातं.

२८ मार्च १९७२ रोजी सहकाऱ्यांनी त्यांना हंगामी सभापती निवडलं. गव्हर्नर आणि उपगव्हर्नर दोघेही राज्याबाहेर असले की कारभार या पदाकडे येतो. त्यामुळे १० जून १९७२ ला एक दिवस त्या गव्हर्नर झाल्या. त्याच दिवशी समारंभाला आलेले वडील आजारी पडले आणि दुसऱ्या दिवशी वारले.

एक आक्षेपही सांगायला हवा. १९७१ च्या फेरआखणी समितीच्या त्या उपाध्यक्ष होत्या. त्या आखणीत ह्यूस्टनला काँग्रेसचा, म्हणजे वॉशिंग्टनमधल्या केंद्रीय संसदेचा नवा १८ वा मतदारसंघ मिळाला, पण त्यांचा जुना सिनेट मतदारसंघ फुटला. स्वतःसाठी वॉशिंग्टनची वाट करताना समाजाची सिनेटची जागा घालवली, असा आरोप राज्याचे कृष्णवर्णीय प्रतिनिधी कर्टिस ग्रेव्ह्ज यांनी केला आणि ते त्यांच्याविरुद्ध उभेही राहिले. मतदारांनी जॉर्डन यांना मोठ्या फरकाने निवडलं. तरीही आरोप पोकळ नव्हता. जागा खरोखरच गेली होती.

राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्यावरच्या वॉटरगेट प्रकरणाच्या सुनावणीतली काँग्रेस सदस्य म्हणून त्यांची भूमिका प्रसिद्ध आहे. राज्याच्या दृष्टीने त्याहून मोठं काम १९७५ चं. मतदानातला वंशभेद रोखणाऱ्या केंद्राच्या मतदान हक्क कायद्याच्या मुदतवाढीत त्यांनी भाषिक अल्पसंख्याकांना, म्हणजे टेक्सासमधल्या मेक्सिकन-अमेरिकनांनाही, संरक्षण मिळवून दिलं आणि अख्खं टेक्सास त्या कायद्याच्या देखरेखीखाली आणलं. त्यानंतर मतदारसंघाची एक रेषा हलवायची तरी राज्याला आधी केंद्राची मंजुरी घ्यावी लागे, आणि हे बंधन २०१३ पर्यंत टिकलं.